कुंकू लागलेलं टर्मिनल

आमच्या गाडीचा डायनामो खराब नव्हता. दाजींच्या हातनं कसलीही चूक झालेली नव्हती. गाडीचं चार्जिंग माझ्यामुळं बंद पडलं, आणि ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आई होती तोवर तिलाही नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आक्काला तर नाहीच.

आक्का माझी थोरली बहीण. दाजी म्हणजे तिचे यजमान. कळंबला मार्केट यार्डाच्या रस्त्याला त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं एक शेड, पुढं दोन ट्रॅक्टर उभे राहतील एवढी जागा, भिंतीवर वायरची भेंडोळी. दाजी बोलायचे कमी. ट्रॅक्टरवाला तक्रार सांगत असला की मान खाली घालून ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे, तो नेमका लागायचा.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आठवीच्या पोरांना विजेचा धडा मीच घेतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही.

तीन वर्षांमागची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं पोट चालवणारी सगळी हत्यारं पूजतात. विळे, खुरपी, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, शिलाई मशीन, ट्रॅक्टर आणि आण्णांची आठ सीटची डिझेल गाडी. आण्णा माझे थोरले भाऊ. घर एकत्र, कर्ते ते. गाडी धुतली की बॉनेट उघडं ठेवायला लावायचे. "नुसतं टपाला हार घालून काय हुतंय, गाडी चालती ती हितनं," म्हणायचे. मग वहिनी वाकून इंजिनाला, रेडिएटरला, बॅटरीला हळदकुंकू लावायच्या. बॅटरीची पूजा दुसऱ्या कुणाच्या घरी होते की नाही ठाऊक नाही, आमच्यात होते.

त्या सकाळी गाडी धुताना बॅटरीच्या प्लसवरची लाल रबरी टोपी काढून ठेवली होती. ती परत कुणी बसवली नाही. दोन्ही टर्मिनल उघडी, शिशाची, दिसायला जुळी. वहिनींनी एका बोटावर हळद घेतली, दुसऱ्यावर कुंकू. एका टर्मिनलला हळद लावली, दुसऱ्याला कुंकू. वरून झेंडूचा हार घातला. बॅटरीच्या खोक्यावर प्लस-मायनसची खूण असते, ती हाराखाली गेली.

सकाळभर दारं उघडी ठेवून गाडीत देवीची गाणी लावलेली होती. दुपारी मला कळंबहून आक्काला जेवायला आणायचं होतं. दाजींना दुकानातली पूजा सोडून येता येणार नव्हतं. आण्णा शेताकडं गेलेले, बायका नैवेद्याच्या गडबडीत. किल्ली फिरवली तर नुसतं टिक टिक. गाण्यांनी बॅटरी बसवली होती.

ट्रॅक्टर शेजारीच उभा होता. जंपरच्या दोन केबल शेडात टांगलेल्या, दाजींनीच करून दिलेल्या. पहिल्यांदा एकीच्या चिमट्यांना लाल टेप होती, पण ती केव्हाच सुटली होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीला मी दोन्ही चिमटे बरोबर लावले. मग गाडीकडं वळलो. लाल म्हणजे प्लस, एवढंच डोक्यात होतं. कुंकवाचं टर्मिनल लाल दिसलं, म्हणून मायनसचा चिमटा हळदीला लावला आणि प्लसचा कुंकवावर टेकवला.

निळा जाळ उठला. चिमटा क्षणभर चिकटूनच राहिला, मी ओढून काढला तेव्हा मनगटापर्यंत झिणझिण्या आल्यासारखं झालं. जळक्या रबराचा वास आला, पण अंगणात धूप आणि ऊद जळत होता, त्यात तो मिसळून गेला. हार बाजूला केला. कुंकवाच्या टर्मिनलजवळ खोक्यावर मायनसची खूण होती.

मी चिमटे बदलले. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. समोर बॅटरीचा लाल दिवा मात्र पुरता विझला नाही, निखाऱ्यावर राख बसावी तसा मंद जळत राहिला. मी मनाशी म्हणालो, बॅटरी उतरलेली आहे, भरली की विझेल. कळंबला इंजिन बंद न करताच आक्काला दारातनं घेतलं आणि परत आलो.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं वाटलं नव्हतं. आणि खरं बोलायचं तर, विज्ञानाच्या मास्तरानं उलटी बॅटरी लावली म्हणून आण्णा चारचौघांत हसले असते. एवढ्याशा हसण्याला मी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी दसरा. आण्णांना भावकीतली चार वडीलधारी माणसं घेऊन तेरला जायचं होतं, पुतणीच्या सोयरिकीचं बोलणं करायला. गाडी पुन्हा टिक टिक करू लागली. "काल गाणी लई वाजवली," म्हणत आण्णांनी स्वतः ट्रॅक्टरवरनं करंट दिला, नीट दिला, आणि निघाले. ढोकीच्या पुढं चहाला थांबले, तिथं गाडी बसली ती बसलीच. हॉर्नसुद्धा वाजेना. फेटे बांधलेल्या चार माणसांनी गाडी ढकलली. चढ लागला तेव्हा एका ट्रॅक्टरला दोर बांधला. दिवस मावळायला ट्रॅक्टरच्या मागं ओढत गाडी होणाऱ्या व्याह्यांच्या दारात गेली.

सोयरीक जुळली, गाडी रात्री तशीच ओढत घरी आली. पण आण्णांना त्या दारात जे हसू ऐकावं लागलं ते त्यांच्या पोटात राहिलं.

आता दाजींचा संबंध कसा आला तो सांगतो. नवमीच्या आठ दिवस आधी गाडीचा डायनामो कुरकुरत होता म्हणून दाजींनी तो उतरवून बेअरिंग आणि कार्बन बदलले होते. त्यामुळं गाडी बंद पडली म्हटल्यावर कुणाला विचार करायचीही गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी दाजींना बोलावून घेतलं. ती चार माणसंही येऊन बसली होती. तमाशा बघायला म्हणत नाही, पण उठूनही कुणी जात नव्हतं.

दाजी मोटारसायकलवरनं उतरून पिशवी खाली ठेवतात तोच एकजण म्हणाला, "दाजी, तुमच्या डायनामोनं आमची धोतरं सुटायची येळ आणली बगा."

दुसरा म्हणाला, "तेरचं पाव्हणं इचारतेत, गाडी हाय का कोळपं, ट्रॅक्टरला जुपलंय म्हणून."

दाजी हसले. "बगतो की," एवढंच म्हणाले.

आण्णा हसत नव्हते. "बगायचं काय त्यात? आठ दिवसांखाली तुमीच खोललाय."

मी बॉनेटला टेकून उभा होतो. दाजींनी मला मीटर धरायला दिलं. नेहमी तसंच व्हायचं, ते काम करायचे आणि मी हौसेनं आकडे वाचायचो. त्यांनी दुकानातनं भरलेली बॅटरी आणली होती. जुनी काढून बॉनेटखालीच बाजूला ठेवली आणि नवी लावून गाडी सुरू केली. बॅटरीवर मीटर लावलं. मी वाचलं, "बारा पॉइंट तीन."

"रेस करा," दाजी म्हणाले. आण्णांनी पाय दाबला. आकडा तिथनं वर हलेना.

"झालं का समाधान?" आण्णा आतनंच म्हणाले. "डायनामो गेला."

"थांबा जरा." दाजींनी मीटरची लाल सुई बॅटरीवरनं काढून डायनामोच्या मागच्या नटाला लावली, जिथनं करंट बाहेर पडतो तिथं. "आता वाचा, पाव्हणं."

मी बघितलं. पंधराच्या वर. आकडा एका जागी थांबत नव्हता, सोळाकडं जायचा, परत यायचा.

"डायनामो तर दांडगा हाय," दाजी म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जरा जीव आला. "म्हंजी हितं तयार व्हायलंय आन् बॅटरीपत्तुर पोचना. मधी वाट तुटली." त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. टेस्ट लॅम्पची एक बाजू बॉडीला लावली, दुसरी त्याच नटाला. बल्ब लागला नाही. "बगा. गाडी बंद असली तरी बॅटरीचा करंट हितपत्तुर यायला पायजे. न्हाय येत."

मग ते डायनामोकडनं बॅटरीकडं वायर चाचपत निघाले. जाड लाल वायर, आणि बॅटरीच्या अलीकडं वीतभर तुकडा, जरा बारीक, वेगळ्या मऊ आवरणाचा. वरनं अख्खा, धडधाकट. कुणी त्याला फ्यूज म्हणणार नाही. ती फ्युजिबल लिंक. एरवीचा बारीक फ्यूज डब्यातनं काढून बदलता येतो, हा तसा नसतो, वायरमधेच जोडलेला असतो. अतोनात करंट गेला की आतली तार आधी वितळते आणि बाकीची गाडी जळायची वाचते.

दाजींनी तो तुकडा दोन्ही टोकांना धरून हळूच ओढला. तो रबरासारखा लांबला. आत तांबं उरलं नव्हतं, नुसतं आवरण होतं.

"लिंक गेली," ते म्हणाले.

माझ्या हातातलं मीटर मी दोन्ही हातांनी धरलं. नवमीची दुपार, तो निळा जाळ, तो वास. दोन दिवस मी ज्याला किरकोळ ठिणगी म्हणत होतो ती ही. बॅटरी उलटी लागली की करंट डायनामोतनं उलट्या वाटेनं सुसाट पळतो आणि लिंक जळते. पोरांना मी हेच वेगळ्या शब्दांत शिकवतो. माझ्या डोक्यात सगळं एका झटक्यात जुळलं.

दाजींचंही जुळत होतं. ते मला दिसत होतं. त्यांनी बाजूला ठेवलेली जुनी बॅटरी जरा फिरवली. मायनसच्या टर्मिनलवर ठिणगीनं शिसं वितळून बारीक खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यात काळपट कुंकू बसलं होतं. दाजींनी त्यावरनं अंगठा फिरवला.

"गाडीला करंट कुणी दिल्ता?" त्यांनी विचारलं.

"म्या," आण्णा म्हणाले. "दसऱ्याला. आन् मला उलटं-सुलटं कळत न्हाय असं समजू नका, पंदरा वर्सं ट्रॅक्टर चालिवलाय."

"व्हय, तुमी न्हाय. त्येच्या आदी?" दाजींनी आण्णांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं, तुमाला काय ठाऊक हाय का?"

नवमीला आक्काला न्यायला गाडी घेऊन कोण आलं होतं ते दाजींना ठाऊक होतं. मी दारात इंजिन सुरू ठेवून उभा होतो, ते दुकानातनं घरी डबा न्यायला आलेले, त्यांनी मला बघितलं होतं. त्यांना उत्तर माहीत होतं. ते मला फक्त जागा करून देत होते.

"मला न्हाय ठाऊक," मी म्हणालो.

तीन शब्द. आवाज माझाच होता, पण तो निघाल्यावर मलाच धक्का बसला. चाळिशी उलटून गेलेल्या माणसाला आपण किती सहज खोटं बोलतो हे अशा वेळी पहिल्यांदा कळावं, हे विचित्र आहे. आता तरी बोल, असं आत कुणीतरी म्हणत होतं, आणि मी मीटरवरच्या शून्याकडं बघत होतो.

आण्णा गाडीतनं उतरले. "मग काय निगालं? सांगा की चौघांला."

दाजींनी लिंकचा तुकडा मुठीत घेतला. "माज्याच हातनं झालंय," ते म्हणाले. "डायनामो बसवताना वायर दाबली गेली असंल. तासाभरात करून देतो."

मी वर बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यांनी असं का केलं हे मला त्या क्षणी कळलं नाही. नंतर कळलं. त्याच उन्हाळ्यात आण्णांचं आणि माझं वाटणीवरनं वाजलं होतं. बायकांपर्यंत गेलं होतं, आई दोन दिवस जेवली नव्हती. दाजींनीच मधे पडून ते मिटवलं होतं. तेरच्या दारात झालेल्या हसण्याचं कारण मी आहे आणि मी ते लपवलं, असं त्या सकाळी आण्णांना कळलं असतं तर घर फुटलं असतं. दाजींनी ते एका नजरेत मोजलं आणि स्वतःच्या अंगावर घेतलं.

आण्णा बोलायला लागले ते थांबेनात. घरचा माणूस म्हणून काम दिलं हीच चूक, म्हणाले. पाव्हणा आहे म्हणून गप्प बसतो, म्हणाले, आणि गप्प बसले नाहीत. शेवटी म्हणाले, "आता हितनं म्होरं आमच्या गाडीला तुमचा हात नगं."

ती चार माणसं जमिनीकडं बघत होती. त्यातल्या तिघांचे ट्रॅक्टर उसाला चालायचे, आणि हंगामाआधी त्यांची वायरिंग दाजींकडंच व्हायची.

दाजींनी काम अर्धवट टाकलं नाही. पिशवीतनं नवा लिंकचा तुकडा काढला, टोकं नीट दाबून, झाळून जोडली. चिकटपट्टी गुंडाळली. गाडी सुरू केली आणि मीटर माझ्याकडं न देता स्वतःच लावलं. चौदा पॉइंट दोन. दिवा विझला. हौदावर हात धुतले. वहिनींनी चहा आणला तर म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक थांबलंय." आणि गेले.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आक्का आली नाही. तिच्या नवऱ्याला ज्या अंगणात बोललं गेलं तिथं ती पाय ठेवणार नव्हती. आण्णांनी निरोप पाठवला नाही. मीच कळंबला गेलो. तिनं मला पाटावर बसवलं, ओवाळलं, करंजी पुढं केली. मग समोर बसून म्हणाली, "तू हुतास की रं तिथं. खरं सांग. ह्यांच्या हातनं चूक झाली व्हती का? हे काय बोलत न्हायत. मला नुसतं कळू दे."

देवाच्या खोलीतली समई दिसत होती. दाजी बाहेरच्या खोलीत होते, पेपर चाळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मला त्यातलं काय कळतंय आक्का," मी म्हणालो.

विज्ञानाचा मास्तर मी. अंगणातलं खोटं घाबरून निघालं होतं, ते कदाचित क्षमा करण्यासारखं असेल. हे दुसरं मी शांतपणे, करंजी हातात धरून बोललो. त्या खोट्याची आठवण आली की आजही वर्गात बोलता बोलता मधेच थांबतो आणि पोरं एकमेकांकडं बघतात.

बाहेरून दाजींनी आवाज दिला, "सर, चहा घेऊन जावा."

तोवर मी त्यांचा पाव्हणा होतो. त्या दिवसापासून सर झालो.

उसाचा हंगाम सुरू झाला तसे ट्रॅक्टर दुसऱ्या मिस्त्रीकडं जाऊ लागले. आण्णांनी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, पण ती चार माणसं चार ठिकाणी बसायची. मिस्त्रीचा हात चुकला ही गोष्ट आमच्याकडं पारावर फार दिवस पुरते. पुढच्या वर्षी दाजींनी शेड सोडलं. आता ते लातूरला दुसऱ्याच्या गॅरेजात काम करतात. पहाटेची एसटी धरतात, दिवेलागणीला परत येतात. आई गेली तेव्हा आक्का आली, चौदावं झालं तशी माघारी गेली. आण्णांशी ती बोलली नाही. आण्णाही मनातनं खचलेत, पण त्यांना वाटतं, चूक तर पाव्हण्यांनी स्वतःच कबूल केली, आपण तोंड कशाला पडतं घ्यायचं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही चुकत नाही. चुकीचं आहे ते फक्त माझ्याकडं आहे.

गेल्या महिन्यात मी मन घट्ट करून कळंबच्या स्टँडवर गेलो. लातूरची गाडी आली. दाजी उतरले, हातात डब्याची पिशवी. केस पुष्कळ पांढरे झालेत. मी पुढं झालो आणि म्हणालो, "दाजी, त्या नवमीला..."

त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या सर. मला त्याच दिवशी कळलंय. खड्ड्यात कुंकू हुतं."

माणसं आजूबाजूनं जात होती. तीन वर्षं मी अंदाज करत होतो की त्यांना माहीत असेल, पण ते त्यांच्या तोंडून इतक्या साध्या आवाजात ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. रागानं बोलले असते तर सोपं गेलं असतं.

"आक्काला?" मी कसाबसा विचारलं.

"न्हाय सांगितलं. तिचा तुमच्यावर लई जीव हाय." मग जरा थांबून म्हणाले, "ती मात्र मला अजून म्हणती, तुमी नीट बगून काम करायचं हुतं. तेवढं एक जड जातं बगा."

आणि ते घराकडं चालू लागले. मी त्यांच्या मागं गेलो नाही. त्या संध्याकाळीही मी आक्काच्या दारात गेलो नाही.

म्हणजे हिशेब असा राहिला की नवऱ्याच्या हातनं चूक झाली असं आक्का आजही मानते, ती माहेर सोडून बसली आहे, दाजींचं नाव गेलं आहे, आणि खरं ठाऊक असलेली दोनच माणसं आहेत. त्यातल्या एकानं गप्प बसायचं स्वतःहून ठरवलं, दुसरा भित्रेपणानं गप्प बसला. हा कागद वाचून कुणी मला बरं म्हणावं म्हणून मी लिहीत नाही. लिहिणं हे सांगणं नव्हे, हे मला कळतं.

आक्काच्या समोर बसून, ती बॅटरी मी उलटी लावली आणि तुझ्या तोंडावर खोटं बोललो, हे मी अजून सांगितलेलं नाही. आमच्याच अंगणात, आण्णा आणि त्या चारही माणसांसमोर, दाजींना उभं करून, चूक माझी होती, त्यांची नव्हती, हेही सांगितलेलं नाही. हे दोन्ही मी देणं लागतो.